आडवी झाली की बरी

आये, दहाव्याला कुंडलिकेच्या घाटावर दादाने पिंड ठेवला आणि तो हात जोडतोय तोवर कावळा शिवला. इतका झटकन की भटजीसुद्धा चपापले. जमलेल्या बायका म्हणाल्या, "म्हातारीचं काय नाय राहिलं हो मनात, समाधानाने गेली." मी पदर तोंडावर दाबून उभी होते. त्यांना वाटलं रडतेय. मला संताप आला होता. तुझं काही राहिलं नसेल, माझं राहिलंय त्याचं काय? माझ्यासाठी तरी त्या मेल्या कावळ्याने जरा ताटकळायला हवं होतं.

परवा तेरावंही झालं. लोक बुंदी खाऊन, तुझं कौतुक करून गेले. तुझा हात कसा सढळ, तुझी जीभ जरा तिखट पण मन कसं साफ. जरा तिखट म्हणे! मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये, तुझ्याशीच बोलतेय, आणि तुझ्याशी मी गोड बोलले असं कधी झालंय? आज बोलले तर तुलाच संशय येईल.

मला तुझ्याकडून एक वाक्य हवं होतं. "सुजे, तेव्हा तुझं डोकं खरंच दुखत होतं गो." बास. साडी नको, सोनं नको, माफी तर नकोच, ती तुझ्या तोंडाला शोभली नसती. एवढं एक वाक्य. माझी सई आता सातवीत आहे, म्हणजे बघ किती वर्षं मी त्याच्यासाठी भांडतेय.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण मी म्हटलं, बाळंत सासरी पेणलाच होईन आणि मग रोह्याला येईन. पेणच्या त्या दवाखान्यात कळा कमी करायची सुई मिळत होती. कमरेत, मणक्यापाशी देतात, बारीक नळी ठेवतात, कळा येतात पण जीव घेत नाहीत. हे तुला सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. सूप तसंच मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "कळा नाय सोसायच्या तर आई कशाला व्हायचं?"

तुझी एक बढाई होती. मला आणि दादाला तू रोह्यालगतच्या अष्टमी गावातल्या घरी जन्म दिलास आणि भिंतीपलीकडच्या मैमुनाचाचीला पत्ता लागला नाही. दातात पदर धरलास, पण तोंडातून हूं काढलं नाहीस. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला लहानपणी वाटायचं, बाळंत होणं म्हणजे शेजाऱ्यांना कळू न देण्याची शर्यत आहे आणि माझी आई त्यात पहिली आली. मला नव्हतं त्या शर्यतीत उतरायचं. मी ओरडणारी बाई आहे. दाराच्या फटीत बोट सापडलं तरी मी अख्खी आळी गोळा करते.

सुई घेतली मी. आणि ऐक, सुई वाईट नव्हती. आधी कळांनी मी पलंगाची दांडी सोडत नव्हते, नंतर ह्यांच्याशी बोलू लागले, हसलेसुद्धा. सई बाहेर आली तेव्हा मी शुद्धीत होते, माणसात होते, तिचं पहिलं रडणं नीट ऐकलं. तू खोलीबाहेर बाकावर बसली होतीस. आत आलीस आणि नातीला बघायच्या आधी म्हणालीस, "आवाज नाय आला तुझा. झोपेत झाली काय?"

फक्त एक झालं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं की सुई देताना ती केसभर जास्त आत गेली. मणक्याभोवती पाण्याची पिशवी असते, तिला बारीक भोक पडलं असणार. क्वचित होतं असं. उठून बसलं की ते पाणी गळतं आणि डोकं भयंकर दुखतं, आडवं झालं की थांबतं. म्हणाले, पडून राहा, पाणी भरपूर प्या, चहा-कॉफी प्या. नाही थांबलं तर परत या, त्यावर उपाय आहे. तू शेजारीच उभी होतीस आये. मान डोलावत होतीस.

आणि रोह्याला आणून काय केलंस? पाणी बंद. बाळंतिणीला पाणी पाजलं की पोट सुटतं. ओव्याचं उकळलेलं पाणी, तेही घोट घोट, औषधासारखं. चहा बंद, चहाने दूध आटतं. आणि पडून राहायचं तर नावच नको, कारण आडवं होऊन पाजलं की दूध पोराच्या कानात जातं. "मांडी घाल. ताठ बस. तशी पाज." सई दर घटकेला भुकेली, आणि दर घटकेला तू मला काखेत हात घालून उठवायचीस.

उठलं की मानेच्या मुळापासून कपाळापर्यंत कुणी दोर लावून ओढतंय असं व्हायचं. कानात दडे बसायचे. तोंडाला पाणी सुटून उलटी यायची. खिडकीतला उजेड नको वाटायचा. मी म्हणायचे, आये, मेले गो, निजव मला. पोर पिऊन झाली की आडवी व्हायचे आणि थोड्या वेळात सगळं गायब. डोकं हलकं, जीभ मोकळी. तू जेवायला काय केलंयस तेसुद्धा विचारायचे. तिथेच मी फसले. दुखणं कसं असावं याचे तुझे नियम होते. दुखणाऱ्या माणसाने सतत दुखलं पाहिजे. माझं दुखणं उठबशीवर चालत होतं, आणि तसं दुखणं तू आयुष्यात फक्त कामचुकार सुनांना झालेलं पाहिलं होतंस.

तू ठरवलंस वारा लागला. कानात कापूस कोंबलास, सुंठेचा लेप थापलास, वरून फडकं इतकं आवळलंस की डोळे तिरके व्हायची वेळ आली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यास. मैमुनाचाची एकदा स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. तिची पोरं कतारला, सुना घरात, तिने बाळंतपणं काय कमी पाहिली होती? म्हणाली, "निजू दे गो तिला. डाक्टर म्हनतो तर निजू दे." तू चहाचा पेला तिच्या हातून घेतलास, स्वतः प्यालीस आणि म्हणालीस, "डाक्टरला काय, त्याला पोर पाजायची नाय."

पाचवीला सासूबाई पेणहून आल्या. झबलं-टोपडं, पेढे. तू मला नऊवारी नाही पण काठाची साडी नेसवलीस, पाटावर बसवलंस, सटवाईच्या पूजेला हात जोडायला लावलेस. मी हळद-कुंकू वाहीपर्यंत टिकले. मग पूजेपुढेच कलंडले. डोकं जमिनीला टेकलं आणि बरं वाटलं म्हणून डोळे मिटून हुश्श म्हटलं. आणि तू, माझी सख्खी आई, माझ्या सासूसमोर, अख्ख्या आळीच्या बायकांसमोर हसून म्हणालीस, "आडवी झाली की बरी, उठवली की मेली! सुई घेतलेल्या बाळंतिणी अशा असतात बघा." सगळ्या हसल्या. सासूबाईपण हसल्या. मीपण ओशाळून हसले असेन. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी हे धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आले. मला बसवून पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि डॉक्टरांना फोन लावला. मला मागच्या सीटवर निजवून पेणला नेलं. सईला घेऊन तू पुढे बसलीस. तिथे त्यांनी माझ्याच दंडातलं रक्त काढलं आणि कमरेत त्या भोकापाशी सोडलं. रक्त गोठतं, भोक बुजतं. थोडा वेळ पडून राहायला सांगितलं आणि मग म्हणाले, बसा. मी भीत भीत बसले. काही नाही. उभी राहिले. काही नाही. मी हुंदके देऊन रडले आये, सुटल्यासारखी. आणि तू नर्सला सांगत होतीस, "नवऱ्याला बघितलं नि बरी झाली."

ते मी सोडलं असतं. बाळंतपणात सगळीच माणसं येड्यासारखी वागतात. पण तू ती गोष्ट जपलीस. बारशाला सांगितलीस. दादाच्या लग्नात नव्या वहिनीला सांगितलीस. मी पापड लाटायला बसले आणि कंबर धरून उठले की तुझं सुरू, "हिला सुई द्या रे कुणीतरी." एका डोहाळजेवणात त्या पोटुशी पोरीला माझी नक्कल करून दाखवलीस, कलंडण्यासकट. मी भरल्या ताटावरून उठले. त्या वर्षी दिवाळीला माहेरी आले नाही. तू फोन केलास, मला वाटलं आता म्हणशील. तर तू विचारलंस, "मिरगुंडाचं पीठ तुमच्याकडे कुठल्या गिरणीत दळतात?"

आता इथे मला थांबून खरंही बोलायला हवं, नाहीतर तू म्हणशील, पोरगी एकाच डोळ्याने बघते. माझे बाळंतपणाचे कपडे तू दुसऱ्या कुणाला शिवू दिले नाहीस. वहाणारं, वास मारणारं सगळं तू हाताने धुतलंस, पाटावर बसून, तुझे गुडघे तेव्हाही सरळ होत नव्हते. अंगाला तेल लावताना तुझा हात असा फिरायचा की मी तेवढ्यापुरती भांडण विसरायचे. हळिवाचे लाडू तू स्वतः एकही चाखला नाहीस. हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच तर जास्त चीड येते. ज्या हाताने धूत होतीस त्याच हाताने मला उठवून बसवत होतीस, मग कुणाला काय म्हणावं माणसाने?

यंदा गणपतीनंतर तू पडलीस. दादाच्या वरसे गावातल्या नव्या घरात, न्हाणीतल्या त्या गुळगुळीत लाद्यांवर. खुब्याचं हाड मोडलं. मी म्हटलं, पेणला आणा, इथे ओळखीचं आहे. गाडीत तू वडखळपर्यंत रस्त्याला शिव्या घालत आलीस. तेव्हा मला वाटलं, ही शंभर वर्षं जगते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, चार दिवसांत वॉकर धरून उभ्या राहतील. मग भुलीची डॉक्टरीण आली. तरुण मुलगी, तुला आजी म्हणाली. तुझी छाती दम्याची, पूर्ण भूल झेपणार नाही, कमरेतून भूल देऊ म्हणाली. कमरेखालचं बधिर होईल, तुम्ही जाग्या असाल.

तू उशीवरून मान उचललीस. "कमरेत सुई? नाय."

"आजी, काही दुखत नाही."

"नाय म्हणते ना. माझ्या पोरीला दिली होती. ही काय, ही उभी हाय. उठून बसली की भिंतीला डोकं लावायची. ओकायची. हाय हाय करायची. असलं डोकं मी कुणाचं दुखताना बघितलं नाय. शत्रूचं दुखू नये तसं."

मी औषधांची पिशवी धरून उभी होते. इतकी वर्षं जे एक वाक्य मी तुझ्याकडे मागत होते, ते तू त्या परक्या पोरीला एका दमात सांगून टाकलंस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

डॉक्टरीण समजावत होती. ही सुई बारीक असते, तुमच्या वयात तसं डोकं सहसा दुखत नाही, दुखलंच तर इलाज आहे. मी म्हटलं, "आये, माझं रक्त सोडल्यावर लगेच थांबलं होतं की नाही? तू होतीस तिथे." तर तू माझ्यावरच डाफरलीस, "तू गप. तुला काय ठाऊक? तू पडलेली होतीस. बघत मी बसले होते."

दादा बाहेर येऊन मला म्हणाला, तिच्या मनाविरुद्ध कसं करायचं? तिला उचलून थोडीच टेबलावर टाकणार? आणि त्याने आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. डॉक्टरीण जाताना मला म्हणाली, दोन-चार दिवसांत मन वळवा आणि परत आणा. हाडाने माणूस मरत नाही, पडून राहण्याने मरतं. छाती भरते.

पडून राहण्याने. मी किती हसले असते आये, हसू येत असतं तर.

मग मी रोज पापडांचं काम सोडून वरसेला यायचे. चिडून पाहिलं. सईला फोनवर बोलायला लावलं. दादाशी भांडले, वहिनीशी भांडले. तुला बसवायला गेलं की तू किंचाळायचीस, आणि किंचाळल्यावर ओशाळायचीस, शेजारी ऐकतील म्हणून. पाठीला लाल चट्टे आले. खोकल्याचा आवाज बदलला. मला कळत होतं की दिवस हातातून जातायत.

शेवटी त्या दुपारी मी तुझ्या पलंगाशी खाली बसले. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं, "आये, तुला एक सांगते. चिडू नकोस. तेव्हा माझं डोकं दुखत नव्हतं."

तू बघितलंस माझ्याकडे.

"काय म्हणतेस?"

"नव्हतंच दुखत. नाटक होतं. पहिलटकरीण होते, तुझ्याकडून लाड करून घ्यायचे होते, म्हणून पडून राहायचे. तू म्हणायचीस तेच खरं होतं. सुईने काही होत नाही. उद्या जाऊया पेणला."

माझा आवाज चांगला लागला होता. मी ओरडणारी बाई, मला खोटं बोलता येत नाही, पण ते मी छान बोलले. जे सिद्ध करायला मी अर्धं माहेर तोडलं, ते मी तुझ्या पायाशी बसून स्वतःच्या तोंडाने खोटं ठरवलं. तू फक्त हो म्हणायचं होतंस. टोमणा मारला असतास तरी चाललं असतं, मी वर हसले असते.

तू खोकलीस. दम घेतलास. मग म्हणालीस, "मरणाऱ्या आयशीशी खोटं बोलतेस? लाज नाय वाटत? दुखत नव्हतं म्हणे. ओठ पांढरेफटक पडायचे तुझे. पोरीला पाजताना डोळ्यांतून धार लागायची. ती पोरीच्या टाळूवर पडायची, नि मी पदराने पुसायची. तुला ठाऊक पण नाय."

खरंच ठाऊक नव्हतं मला. मी डोळे मिटून पाजायचे.

"मग बोलली का नाहीस गो तेव्हा? हसलीस का?"

"तुझी सासू बसलेली समोर. तिला काय सांगू, आमची पोर अधू झाली? नेलीच नसती त्यांनी तुला." पुन्हा खोकलीस. "आणि मग सवयच लागली."

एवढं बोलून तू डोळे मिटलेस. मी पुन्हा ऑपरेशनचं काढलं, तर नुसता हात हलवलास. तिसऱ्या दिवशी छाती भरली.

तर आये, मिळालं मला. मागितलं त्याच्या दसपट मिळालं. आता ते घेऊन मी काय करू, लोणचं घालू? माझ्यावर विश्वास कधी ठेवायचा याची सुद्धा तुला अक्कल नव्हती. नको मला तो. परत घे. मला नाटकी म्हण, ढोंगी म्हण, अख्ख्या रोह्याला सांग की सुजी खोटारडी आहे, मी शब्दाने उलटून बोलणार नाही. पण तेवढी सुई घे गो आये. घे ती सुई.